2011 ची पल्सर 150 विकायचीय, पासिंग संपायला चार महिने: रास्त किंमत किती धरावी?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. बजाज पल्सर 150 डीटीएस-आय विकायची आहे. गाडी वडिलांच्या नावावर, पहिलेच मालक, एमएच-10 म्हणजे सांगली पासिंग. नोंदणी ऑगस्ट 2011 ची, आरसीवर मुदत 17 ऑगस्ट 2026. मीटरवर 62,400 किमी. सेल्फ आणि किक दोन्ही चालू. थर्ड पार्टी विमा नोव्हेंबरपर्यंत आहे, पीयूसी आहे. नवी एचएसआरपी नंबर प्लेट अजून बसवलेली नाही. कर्ज 2014 ला फिटलं, तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच दिसतो.

गेल्या दीड वर्षात क्लच प्लेटा, मागचा टायर, बॅटरी आणि सीट कव्हर मिळून साडेआठ हजार खर्च झालाय. पुढचा टायर जुना आहे. सकाळी पहिल्यांदा चालू केली की थोडा धूर येतो, नंतर येत नाही.

तीन आकडे समोर आहेत. जुन्या गाड्यांचा दुकानदार 12,000 म्हणतो. ऑनलाइन याच मॉडेलला 32,000 पर्यंत मागणी दिसते. गल्लीतला एकजण 15,000 रोख द्यायला तयार आहे, पण म्हणतो, "आरसी आहे तशी द्या, नावावर नंतर करून घेतो." यातला खरा भाव कोणता आणि तो काढायचा कसा? शिवाय साडेआठ हजार किमतीत धरायचे का?

---

हिशेबवही

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. साडेआठ हजार धरायचे नाहीत. क्लच प्लेटा, टायर, बॅटरी हा गाडी वापरण्याचा खर्च आहे. तो तुम्ही चालवलेल्या किलोमीटरमध्ये फिटला. त्याचा फायदा एवढाच की गिऱ्हाईकाला त्या वस्तूंच्या नावावर पैसे कापता येत नाहीत. म्हणून पावत्या जपून ठेवा आणि दाखवा, पण त्यांची बेरीज करून किमतीत मिळवू नका. सीट कव्हर, स्टिकर, पॉलिश यांचा भाव तर शून्यच.

विम्याच्या आयडीव्हीवरूनही (विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत) आपली किंमत निघणार नाही. ते कोष्टक गाडीच्या पाच वर्षांपर्यंतच आहे. पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के, आणि त्यापुढे मालक आणि कंपनीनं आपसांत ठरवायचं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तर आयडीव्ही नसतोच.

जुन्या गाडीची किंमत वरून खाली काढायची असते. तुमच्याच मॉडेलची, कागद चोख असलेली, पासिंग झालेली आणि यांत्रिक तक्रार नसलेली गाडी तुमच्या भागात आज कितीला जाते, तो झाला मूळ आकडा. त्यातून तुमची गाडी त्या अवस्थेला आणायला लागणारा खर्च वजा करायचा.

मूळ आकडा काढायला सांगली, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यातल्या 2010 ते 2012 च्या पल्सर 150 च्या किमान दहा-बारा जाहिराती काढा. दुकानदारांच्या गाळून टाका, कारण त्यांत त्यांचा नफा आणि दुरुस्ती धरलेली असते. पासिंग संपलेल्याही गाळा. जाहिरात कधीची आहे ते बघा: महिना-दीड महिना पडून असलेली गाडी त्या भावात जात नाही, एवढंच ती जाहिरात सांगते. उरलेल्यांना फोन करा आणि सरळ विचारा, "घ्यायला आलो तर शेवटचं काय?" जाहिरातीतला आकडा आणि हा आकडा यांत दोन-चार हजारांचं अंतर निघतं. कामाचा आकडा दुसरा.

वर्षभरापूर्वी कुणाची गाडी कितीला गेली हे ऐकून फसू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी गाडी हजारोंनी स्वस्त झाली की जुनीला खाली यावंच लागतं. त्याआधीचे भाव सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत, त्यांचा आकडा शिळा झालेला असतो.

स्प्लेंडरशी तुलनाही नको. त्याच सालची स्प्लेंडर प्लस नवी असताना पल्सरपेक्षा स्वस्त होती, तरी आज बहुतेक वेळा तिला जास्त मागणी असते. पंधरा वर्षांच्या गाडीचं गिऱ्हाईक ॲव्हरेज आणि दुरुस्तीचा खर्च बघतं, पिकअप नाही.

---

पाना_दहा_बारा

वजाबाकी करायची तर आधी गाडीत काय आहे ते नीट बघा. अर्धा तास लागतो, फार हत्यारं लागत नाहीत. गिऱ्हाईक चांगला मेकॅनिक घेऊन आलं तर तो याच गोष्टी बघणार. तुम्हाला आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

इंजिन थंड असताना सुरुवात करा, रात्रभर उभी राहिलेली गाडी हवी. चोक देऊन चालू करा आणि सायलेन्सरमागे कुणाला तरी उभं करा. पहिल्या मिनिटाला निळसर धूर येऊन थांबला, तर रात्रभरात वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली उतरलंय, म्हणजे वॉल्व्ह सील कडक झालेत. गरम झाल्यावरही रेस केली की निळा धूर येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर म्हणजे सिलिंडर गेला. या दोहोंच्या खर्चात फार फरक आहे. सीलचं काम हेड उतरवून गॅस्केटसकट दोन हजारांच्या आसपास होतं. बोअर-पिस्टनचं हाफ इंजिन काम सहा-आठ हजारांवर जातं. काळा धूर असेल तर तो कार्बोरेटरचा, काळजीचं कारण नाही. थंड हवेत पांढरी वाफ दिसते आणि जाते, तिचं काहीच नाही.

शंका असेल तर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण हळूच सैल करा. थोडा श्वास येणारच. पण धूर फुकल्यासारखा ठोक्याठोक्यानं बाहेर येत असेल, तर रिंगांवरून गॅस खाली जातोय.

या गाडीला दोन प्लग आहेत, तिथं बरेच लोक चुकतात. एक प्लग मेला तरी इंजिन चालू राहतं, फक्त ओढ आणि ॲव्हरेज कमी होतं. म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासा. इंजिन बंद करा, एका प्लगची कॅप काढा, तिच्यात एक जुना प्लग खोचून त्याचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, मग चालू करा. नंतर दुसऱ्या बाजूनं तसंच. दोन्ही वेळा आयडल टिकलं पाहिजे. कॅप मोकळी लोंबकळत ठेवून इंजिन चालवू नका, कॉइल आणि सीडीआयवर (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) ताण येतो. कॉइल गेलेली असेल तर ती बदलून टाका, कारण चालवून बघताना गिऱ्हाईकाला "गाडी ओढत नाही" एवढंच कळतं आणि ते पूर्ण इंजिनचे पैसे कापतं.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग): डबल स्टँड लावा, मागं कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला, हँडल दोन बोटांनी हळूहळू फिरवा. मधोमध सरळ जागी खाच बसल्यासारखं अडखळलं तर कोनसेट गेला. साधारण 900 रुपये मजुरीसकट. या मॉडेलमध्ये साठ हजार किमीपर्यंत तो एकदा तरी बदललेला असतो किंवा बदलायला आलेला असतो.

त्याच स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवा. चाक एकटंच हललं तर बेअरिंग, चिमट्यासकट (मागचं चाक धरणारा दांडा) हललं तर चिमट्याचे बुश. पुढच्या शॉकअपच्या चकाकत्या दांड्यांवरून बोट फिरवा. ऑइलचा ओलावा असेल तर सील गेलेत. दांडीवर गंजाचे खड्डे असतील तर नुसते सील बदलून उपयोग नाही, खड्डे नवे सील महिनाभरात फाडतात.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चकतीच्या) अगदी पाठीमागच्या टोकाला धरून मागं ओढा. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला तर पूर्ण किट बदलायचं, 1,500 ते 1,800 धरा. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी आठ-नऊ वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही.

टाकीत टॉर्च मारा. तळाला तपकिरी गंज दिसला तर कार्बोरेटर सतत चोक होणार. पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरच्या वाटीचं पॅकिंग कडक झालं असेल तर बदलून घ्या. इथेनॉल जास्त असलेल्या आताच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर लवकर झिरपायला लागतं. शे-दोनशेचं काम आहे, पण टाकीखाली पेट्रोलचा वास आला की गिऱ्हाईक निम्मं परत फिरतं.

किलोमीटरचं तेवढं मनावर घेऊ नका. या वयाच्या गाडीत डिजिटल मीटर बदललेलं असू शकतं हे सगळ्यांना माहीत असतं. जाणकार ब्रेक पेडलची झीज, फूटरेस्टचं रबर आणि किल्लीचा घासलेला दात बघून अंदाज बांधतो. तुमच्याकडे सर्व्हिसच्या पावत्यांवर किमी लिहिलेले असतील तर तो मात्र पक्का पुरावा, तो समोर ठेवा.

---

फॉर्म_तीस

यांत्रिक बाजू वर चांगली आली. पण या गाडीत सगळ्यात मोठी वजावट कागदाची आहे, आणि ती खर्चापेक्षा जास्त का होते ते सांगतो.

आरसीचं नूतनीकरण म्हणजे रिपासिंग फॉर्म 25 वर होतं आणि पुढे पाच वर्षांचं मिळतं. अर्ज मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासूनच करता येतो, त्याआधी नाही. तुमची मुदत 17 ऑगस्ट, म्हणजे 18 जूनपासून. आज एजंटाला पैसे देऊन काही होणार नाही, कुणी "करून देतो" म्हटलं तरी देऊ नका.

दुचाकीची नूतनीकरणाची फी 1,000 रुपये आहे. वीस वर्षं ओलांडलेल्या दुचाकीला ती 2,000 आहे, तुम्हाला ती लागू नाही. त्याशिवाय स्मार्ट कार्ड, पोस्टेज आणि पाच वर्षांचा पर्यावरण कर एकदम. सगळं मिळून चार हजार धरून चाला. नेमका आकडा अर्ज भरताना स्क्रीनवर येतोच. मुदत उलटू दिली तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचा आकार वेगळा चढतो, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे बिननोंदणीची गाडी चालवणं.

एचएसआरपी 2019 च्या एप्रिलआधीच्या सगळ्या गाड्यांना लागते. दुचाकीला 450 अधिक जीएसटी, म्हणजे 531 रुपये. ती आजच बुक करा, तपासणीच्या वेळी हवीच.

बँकेचा बोजा म्हणजे एचपी. कर्ज फिटलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. 2014 ची एनओसी (बँकेचा ना हरकत दाखला) कपाटात सापडली तरी तिची मुदत गेलेली असणार. बँकेकडून नवी एनओसी आणि सही-शिक्क्याचे फॉर्म 35 घ्या. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेत कर्ज खात्याचा नंबर घेऊन जा. यात पैसे फार जात नाहीत, दिवस जातात. म्हणून सुरुवात इथूनच करा. बोजा असताना बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

वडिलांचा मोबाइल नंबर 'वाहन' या आरटीओच्या ऑनलाइन पोर्टलच्या नोंदीत आहे का तेही पाहा. 2011 च्या नोंदींत बहुधा नसतो. आधी तो चढवावा लागतो, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाचा ओटीपी त्यावर येतो. ई-चलान प्रलंबित असेल तर भरून टाका.

आता वजावट जास्त का होते ते. पासिंग, बोजा, प्लेट यांना तुम्हाला पाच हजारांच्या आसपास लागतील. पण गिऱ्हाईकाला हे किती दिवस चालेल, वडील सहीला येतील का, बँक एनओसी देईल का, यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून ते पाचच्या जागी आठ-दहा कापतं. टायरचं तसं नाही. टायरची किंमत दोघांनाही माहीत असते, त्यामुळे 1,700 च्या टायरला 1,700 च कापले जातात. कागद आधी करून विकल्यानं फायदा होतो तो याचसाठी.

---

वारणाकाठ

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बघून घेतलं.

जाहिराती 14 काढल्या. पाच दुकानदारांच्या, दोन पासिंग संपलेल्या, एक 180 सीसी निघाली. उरलेल्या सहांची मागणी 26,000 ते 30,000, फोनवरचा शेवटचा भाव 23,500 ते 26,500. ती 32,000 वाली दुकानदाराचीच आहे आणि दोन महिने तिथेच आहे.

गाडी: निळसर धूर पहिलं मिनिटभर, गरम झाल्यावर रेस करूनही नाही. ऑइलच्या झाकणातून फुंकर नाही. दोन्ही प्लगवर वेगवेगळी चालते. कोनसेट मधोमध अडकतो. पुढच्या डाव्या शॉकअपला ऑइल, दांडी गुळगुळीत आहे. चेन ठीक, पाव दातही उघडा पडत नाही. पुढच्या टायरवर 2317 च आहे, बाजूनं बारीक चिरा. टाकी स्वच्छ.

आता वजाबाकी कशी मांडायची?

---

हिशेबवही

तुमची पाहणी चोख आहे. मूळ आकडा 25,000 धरू, सहा गाड्यांच्या शेवटच्या भावांचा तो मध्य आहे.

यांत्रिक वजावट: पुढचा 2.75-17 टायर 1,700, कोनसेट 900, शॉकअप सील आणि ऑइल 700, वॉल्व्ह सील 2,000. एकूण 5,300. कागद चोख असते तर आजची रास्त किंमत 19,700.

कागदाची वजावट खऱ्या खर्चानं 5,000. म्हणजे आज आहे तशी गाडी 14,700 ची. दुकानदाराचे 12,000 तुम्हाला अपमानास्पद वाटले असतील, पण त्यात त्याचा नफा आणि वाट पाहण्याचा धोका धरला तर ते याच हिशेबाला धरून आहेत.

पुढचा प्रश्न, काय दुरुस्त करून विकायचं. चिरा पडलेल्या टायरवर पासिंगला अडवतील, म्हणून टायर घालावाच लागणार. कोनसेटही बदला, कारण चालवून बघताना पहिल्या वळणावर तो कळतो आणि "गाडी आपटलेली आहे का?" असा संशय येतो. 900 च्या कामापायी चेसिसवर शंका कशाला? वॉल्व्ह सीलला मात्र हात लावू नका. नुकतंच हेड खोललेलं जुनं इंजिन बघून गिऱ्हाईक जास्त बिचकतं. धूर सकाळी मिनिटभर येतो हे आधीच सांगा आणि 2,000 कापून द्या. शॉकअपचंही तसंच.

मग हिशेब असा: 25,000 वजा वॉल्व्ह सील आणि शॉकअपचे 2,700 बरोबर 22,300. जाहिरातीत 24,500 लिहा, 22,000 ला आनंदानं द्या, 21,000 च्या खाली उतरू नका. तुमचा खर्च टायर-कोनसेटचे 2,600 आणि कागदांचे 5,000, म्हणजे 7,600. हातात साडेचौदा हजारांच्या आसपास राहतात. दुकानदारापेक्षा अडीच हजार जास्त. त्यासाठी दोन-तीन महिने आणि काही फेऱ्या. वेळ नसेल तर दुकानदाराला 13,000 पर्यंत चढवून मोकळं होणंही चुकीचं नाही, फक्त एक अट, गाडी त्याच्या किंवा पुढच्या माणसाच्या नावावर झाल्याचं तुम्हाला 'वाहन'वर दिसलं पाहिजे.

---

गावभाग

इतकी आकडेमोड कशाला? 15,000 रोख समोर आलेत. वरच्या हिशेबानंही 14,700 च निघतात. शेतावर फिरवायला नेणार असेल तर पासिंगची गरजही पडत नाही. देऊन टाका की.

---

फॉर्म_तीस

गावभाग, 15,000 हा भाव वाईट नाही, अट वाईट आहे. त्याच माणसानं बोजा उतरेपर्यंत थांबून नावावर करून घेतली तर याच किमतीला जरूर द्या, मीही तेच सांगेन. पण "नंतर करून घेतो" यातला नंतर ऑगस्टच्या पुढं गेला की पासिंग संपलेलं, मग ट्रान्सफर अडकलेलं आणि गाडी मात्र वडिलांच्या नावावर फिरत राहणार. शेतावरची गाडी रोज गावातनं ये-जा करते, डांबरी रस्ता ओलांडते.

नोव्हेंबरात विमा संपेल. त्यानंतर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते. गाडी विकल्याचा साधा कागद किंवा ताबा दिल्याची पावती त्यातून सोडवत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली हे स्पष्ट केलेलं आहे. पंधरा हजारांच्या व्यवहारात वडिलांच्या डोक्यावर लाखोंचा दावा लटकत ठेवायचा नाही, एवढं माझं ठाम मत आहे.

रीत अशी. एकाच जिल्ह्यात विकताना फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30, ज्यांना आपण टीटी फॉर्म म्हणतो. जिल्हा बदलत असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आधी. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय वडिलांची सही करायची नाही. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तीन हातांतून फिरते आणि कागद कुणाकडे आहे तेच कळत नाही. विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. तो अर्ज तुमच्या समोर बसून भरा, ओटीपी तिथल्या तिथे द्या आणि अर्जाचा क्रमांक लिहून घ्या.

पैसे खात्यावर घ्या. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ लिहा, तास आणि मिनिटं, कारण त्या दिवशी सकाळी सिग्नल तोडल्याचं चलान कुणाचं, हा वाद त्यावरच मिटतो. मीटरचे किमी, चेसिस नंबर, किल्ल्या किती दिल्या तेही लिहा. विमा घेणाऱ्याच्या नावावर करून घ्यायला त्याला 14 दिवस असतात, तेही पावतीत नमूद करा. तुमचा नो क्लेम बोनस असेल तर तो गाडीचा नसून मालकाचा असतो, नव्या गाडीसाठी वापरता येतो. तुमची फक्त थर्ड पार्टी आहे, त्यामुळे इथं तो प्रश्न नाही.

---

वारणाकाठ

ठरवलं. गल्लीतल्या माणसाला सांगितलं की पासिंग करून, नावावर करूनच देणार, भाव तेव्हा 22,000. तो विचार करतोय. एचएसआरपी आज बुक केली, बँकेत एनओसीचा अर्ज दिला. टायर आणि कोनसेट जूनच्या पहिल्या आठवड्यात, 18 जूनला फॉर्म 25.

एकच शंका उरली. चेसिस नंबर हँडलजवळच्या पाइपवर आहे, त्यावर गंज चढलाय, शेवटचे दोन आकडे नीट वाचता येत नाहीत. पॉलिश पेपरनं घासून काढू का?

---

पाना_दहा_बारा

पॉलिश पेपर अजिबात लावू नका. नंबर ठोकून बसवलेला असतो. घासला की कडा बोथट होतात आणि आजूबाजूचा रंग उडून धातू चमकायला लागतो. तपासणीला अधिकाऱ्याला तिथं नंबरशी खेळ झाल्यासारखं दिसतं, आणि मग ते प्रकरण महिनाभर चालतं.

जुना टूथब्रश रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून गंज भिजवा. अर्धा तास थांबा, मऊ ब्रशनं गोल गोल फिरवून काढा, फडक्यानं पुसा. एकदा नाही निघाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोरडं झाल्यावर पातळ कागद नंबरवर ताणून धरा आणि पेन्सिलीचं शिसं आडवं करून हलक्या हातानं घासा. सगळे आकडे ठशात उठले की आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून बघा. ठसा कोनसेटच्या कामाच्या वेळी एकदा घेऊन ठेवा, पुढची वायरिंग बाजूला केलेली असताना तिथं हात नीट पोचतो. शेवटी ग्रीसचं एक बोट फिरवून ठेवा, पावसाळ्यात जूननंतर गंज परत धरतो. तपासणीला जाताना तेवढं ग्रीस पुसून न्या.